आधी सी, मग ए

कारखान्यात तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की कुलूपराव. खरं नाव मी इथं लिहीत नाही, कारण लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही. कुठलीही गोष्ट कागदावर उतरली की ती आपली राहिली नाही, असं त्यांचं मत होतं. मी मात्र त्यांना सर म्हणायचो, कारण त्यांनी मला शिकवलं. काय शिकवलं ते सांगायला थोडा वेळ लागेल.

त्यांच्या सायकलला दोन कुलपं असायची, एक पुढच्या चाकाला आणि एक मागच्या. बारामतीत आमराईत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. तिथून एस.टी.नं यायचे आणि फाट्यावर पानाच्या टपरीमागं ठेवलेली ही सायकल काढून कारखाना गाठायचे. सायकल अशी की फुकट दिली तरी कुणी नेली नसती. पण ते दोन्ही कुलपं लावायचे, चार पावलं पुढं जायचे आणि परत येऊन दोन्ही ओढून बघायचे. जेवणाच्या डब्यालासुद्धा पितळेचं बोटभर कुलूप. आत काय, तर दोन भाकरी, पिठलं आणि खर्डा. मी नवा होतो, तोंड आवरायचं नाही. म्हटलं, सर, भाकरी कोण चोरतंय? ते शांतपणे म्हणाले, "चोर येतोय म्हणून लावत न्हाय. हाताची सवय मोडू नये म्हणून लावतो."

सगळ्या किल्ल्या त्यांच्या करदोड्याला. त्यामुळं कपाट उघडायचं म्हणजे आधी शर्ट वर करायचा. एकदा साखर आयुक्तालयाचे कुणी साहेब बघायला आले होते, तेव्हाही ह्यांनी त्यांच्यासमोर शर्ट वर केला, पोट आत ओढलं आणि किल्ली शोधली. साहेब भिंतीकडं बघत उभे राहिले. आम्हाला हसू दाबताना घाम फुटला. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी डाळजचा. बी.कॉम. झालो, इंदापूरला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्या तालुक्यातल्या ह्या साखर कारखान्यात शेतकी खात्याच्या कॉम्प्युटर खोलीत सरांच्या हाताखाली नोंदी भरायच्या कामाला लागलो. नव्वद सालानंतरची मधली वर्षं ती. एम.डी. साहेबांची केबिन सोडली तर एसी फक्त आमच्या खोलीला. चपला बाहेर काढाव्या लागायच्या. गावाकडची माणसं नोंदीची चौकशी करायला आली की आधी दारातून आत वाकून गारवा घ्यायची, मग कामाचं बोलायची. मशिनं दोन होती. एक साधं, त्यावर पत्रं टाईप व्हायची. दुसरं सरांचं, त्यात यादी होती.

यादी म्हणजे उसाच्या लागणीची. कुणी कुठल्या तारखेला ऊस लावला त्याची. आमच्याकडं नियम साधा होता : ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पण साध्या नियमावरच माणसं डोकी फोडतात. पाळी मागं गेली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान मोकळं होत नाही आणि गव्हाचा हंगाम हातचा जातो. त्यामुळं तारीख चार दिवस अलीकडं ओढून द्या म्हणून येणाऱ्यांची रांग कायम. पूर्वी रजिस्टरं होती तेव्हा खाडाखोड चालायची. यादी मशिनमध्ये गेली आणि सभेत सरांनी उभं राहून सांगितलं, की आता तारीख कुणाची हलणार न्हाय, चेअरमनची बी न्हाय. सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच दोघंजण दुसऱ्या दिवशी तारीख हलवायला आले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला यादी दाखवलीच नाही. मशिन चालू केलं आणि म्हणाले, डिलीटचं बटण दाब. निळा पडदा आला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ते म्हणाले, "हे दार. घरात काय हाय ते मागनं बघ, दार आधी बघ."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मशिन जागं झालं की पहिल्यांदा बघतं, आज मला चालवणारा कोण. आधी ए कडं बघतं, म्हणजे फ्लॉपीच्या खाचेत. तिथं कुणी नसलं तर सी कडं वळतं, म्हणजे स्वतःच्या पोटातल्या डिस्ककडं. कंपनीकडून मशिन येतं ते असंच येतं. खाचेत कुणाचीही फ्लॉपी असली की मशिन मुकाट्यानं तिचं ऐकतं. ती सांगेल ते करतं. सर म्हणाले, "बघ की, भायेरच्याची पाळी पयली आन् घरच्याची मागनं. ही कुठली रीत?" त्यांनी पाळी उलटी केली. आधी सी, मग ए. त्यावर पासवर्ड टाकला, म्हणजे पाळी बदलायची तर आधी पासवर्ड पाहिजे. पाळी तशीच आहे ना, हे बघायला रोज सकाळी तो टाकताना ते मला भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. चांगले आठ महिने मी रोज सकाळी शाळेतल्यासारखा भिंतीकडं तोंड करून उभा राहत होतो.

दाराचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते एकदा जेवताना कळलं. त्यांचं गाव लोणी भापकर. कोरडं गाव. वडील मात्र पाटकरी, कालव्याच्या दारांच्या किल्ल्या सांभाळणारे, सणसरच्या बाजूला नोकरीला. सर हसून म्हणायचे, "आमच्या गावाला पाट न्हाय, पण पाटाच्या किल्ल्या आमच्या घरात." लोक पाणी पाळीआधी मिळावं म्हणून वडिलांना दमात घ्यायचे, कधी गोडीनं घ्यायचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसानं आपल्या पाण्याचं दार धरायचं, हेच काहींना सलायचं. वडील कुणाला बधले नाहीत. पण एकदा दुपारी डोळा लागला आणि कुणीतरी खुंटीवरची किल्ली काढून वरचं दार उघडलं. खालची तीन गावं कोरडी राहिली. चौकशीत वडिलांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. किल्ली खुंटीला टांगली ही माझी चूक, एवढंच बोलले आणि घरी बसले. सर तेव्हा सातवीत होते. हे सांगताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला होता.

पासवर्डावरही त्यांचा भरवसा नव्हता. मशिनच्या पोटात एक चपटी बॅटरी असते, ती काढली की मशिन पासवर्ड विसरतं, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. लगेच वर्कशॉपमधून वेल्डर बोलावला आणि मशिनच्या पत्र्याच्या डब्याला कडी-कोयंडा बसवून घेतला. वर गोदरेजचं कुलूप. पुण्याहून दुरुस्तीला येणारा इंजिनिअर ते बघून खुर्चीतच बसला. म्हणाला, साहेब, हे धान्याचं कोठार नाही. सर म्हणाले, कोठारच हाय.

आणि लाईट. हंगाम नसला की कारखान्याची स्वतःची वीज बंद, मग गावाची लाईट घ्यायची, आणि गावाची लाईट म्हणजे आली तर आली. लाईट गेली की आपण सगळे काय म्हणतो? गेली. सर ओरडायचे, "फ्लॉपी!" कारण खाचेत फ्लॉपी राहिली आणि लाईट परत आली, तर मशिन पुन्हा जागं होऊन पहिल्यांदा त्या फ्लॉपीचं तोंड बघणार. दुसऱ्या मशिनची पाळी अजून कंपनीची होती, तेव्हा मी धावत जाऊन तिथली फ्लॉपी ओढायचो. ही सवय अशी लागली की पुढं माझ्या लग्नात मांडवात लाईट गेली, तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. बायको अजून ऐकवते.

सकाळी मशिन चालू झालं की एक आकडा बघायचा, मशिनला काम करायला एकूण मेमरी किती आहे त्याचा. रोज तोच आकडा, सहा अंकी. सहा लाख पंचावन्न हजार तीनशे साठ. मी मोठ्यानं वाचायचा, त्यांनी वहीत लिहायचा. मी म्हणायचो, सर, रोज तोच येतो, कशाला लिहायचा? त्यांचे वडील रोज सकाळी पाटातल्या खुणेवर पाणी किती ते बघून लिहायचे. कमी भरलं की समजायचं, वरती कुणीतरी दार उघडलंय. आकडा कमी झाला, की मशिनमध्ये कुणी लपून बसलंय. मला हे सगळं जास्तच वाटायचं. खरं सांगतो, त्या दिवसांत मी त्यांच्या मागं त्यांची नक्कल करायचो, शर्ट वर करून, पोट आत ओढून. शेतकी ऑफिसात मला त्यावर चहा मिळायचा.

सर वर्षातून एकच रजा घ्यायचे, दसऱ्याची. त्या दिवशी सकाळी ते पांढरे कपडे घालून कुटुंबाबरोबर विहारात जायचे. कारखान्यात दसऱ्याला बॉयलरची पूजा असते, त्याबरोबर आमच्या खोलीतही हार-नारळ व्हायचा. सर आदल्या दिवशी दोन्ही मशिनं फडक्यानं लख्ख पुसून ठेवायचे आणि मला बजावायचे, हळदकुंकू वरून लाव, खाचेत जाऊ देऊ नको.

त्या वर्षी मात्र आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पासवर्ड कानात सांगितला. तीनदा म्हणून घेतला. लिहायचा नाही. उद्या मी नाही, मशिन अडलं तर यादी अडायला नको, म्हणाले. मला छाती फुगल्यासारखं झालं. भिंत बघायचे दिवस संपले.

आमचे एक संचालक होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. मनानं वाईट नव्हते, हौशी होते. दसऱ्याला सकाळी चेअरमन, संचालक, भटजी, फोटोवाला असे सगळे चपला काढून आत आले आणि तात्यांनी खिशातून फ्लॉपी काढली. तिला कुंकवाचं बोट लावलेलं. पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं करून दिली होती. मशिन चालू केलं की पडद्यावर गणपती येणार, खाली कारखान्याचं नाव आणि वर वाजंत्री. फोटो यादीच्या मशिनचाच काढायचा होता. चेअरमनांच्या हस्ते फ्लॉपी त्यात गेली, बटण दाबलं, फोटोवाला सरसावला. पडद्यावर गणपती आला नाही. रोजचाच काळा पडदा आला. आधी सी.

तात्या माझ्याकडं बघायला लागले. सगळेच बघायला लागले. मी म्हटलं, तात्या, सेटिंग तसं आहे. तर म्हणाले बदल की मग. मी म्हटलं सरांना विचारल्याशिवाय... तात्या हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गणपतीच्या फ्लॉपीला बी कुलूपराव आडवा येतो व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला आजपर्यंत बोचतं. पाच मिनिटांचं काम, परत आहे तसं करून ठेवू, कुणाला कळणार आहे, असं मनाशी म्हणत मी डिलीट दाबलं, पासवर्ड टाकला आणि ए पुढं आणला. गणपती आला. वाजंत्री वाजली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. त्या फोटोत मी आहे. सगळे गेल्यावर मी फ्लॉपी काढली, पाळी पुन्हा नीट केली आणि पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सर आले. निळा पडदा बघितला, सगळं जागच्या जागी. मग म्हणाले, आकडा वाच. मी वाचला आणि मध्येच थांबलो. आकडा दोन हजारांनी कमी होता. सरांनी वही खाली ठेवली. "पाणी कमी भरलंय," ते म्हणाले. "वरती कुणी दार उघडलं?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही, सर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुन्हा विचारलं नाही.

त्यांनी मशिन बंद केलं, किल्ली काढून कपाटातली जपून ठेवलेली स्वच्छ फ्लॉपी घेतली आणि पाळी तेवढ्यापुरती बदलून तिच्यावरून मशिन उठवलं. यादी मागितली. मशिन म्हणालं, सी नावाचं काही इथं नाहीच. फ्लॉपीबरोबर आत शिरलेल्या व्हायरसनं घराचा पत्ताच पुसून टाकला होता. पुण्याचा इंजिनिअर येऊन दोन दिवस बसला. शेवटी सगळी डिस्क धुवून काढावी लागली. गळीत हंगामाला पंधरवडा राहिला होता आणि हजारो शेतकऱ्यांच्या पाळीची यादी कुठंच नव्हती. त्यात आमचाही ऊस होता.

इंजिनिअर गेला तेव्हा मी सरांपुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गणपती, हसणं, पेढा, सगळं. सांगताना मला रडू आलं, लपवत नाही. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "तुला किल्ली दिली, पण न्हाय म्हणायचं शिकवलं न्हाय. ती चूक माझी." आणि शर्ट वर करून दुसऱ्या कपाटाची किल्ली शोधायला लागले.

महिन्याच्या महिन्याला ते यादी फ्लॉप्यांवर उतरवून घरी बायकोच्या ट्रंकेत ठेवायचे, अर्थात कुलूप लावून. शेवटचा संच पोळ्याच्या सुमाराचा होता. म्हणजे यादी वाचली, पण त्यानंतर शेतकी खात्यानं फेरतपासणी करून दिलेल्या तारखांच्या दुरुस्त्या गेल्या. त्या दुरुस्त्यांचे कागद? ते सरांनी नोंद झाल्या झाल्या बंबात जाळले होते, कुणी मागाहून काढून खाडाखोड करू नये म्हणून. हे त्यांनी स्वतः शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं. अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, आहे ती यादी लावा, आता कोण बघतंय. सर म्हणाले, "खोट्या पाळीनं कोयता लागू देणार न्हाय. गावात जाऊन वाचतो."

आणि आम्ही गेलो. माझी मोपेड, मागं सर, त्यांच्या मांडीवर यादीची पिशवी आणि पिशवीला कुलूप. गावात पोचलो की देवळाच्या पारावर नाहीतर सोसायटीच्या दारात बसायचं, आणि मी एकेक नाव आणि लागणीची तारीख मोठ्यानं वाचायची. चूक असेल त्यानं उभं राहून सांगायचं, आणि त्याच्या बांधाच्या दोन शेजाऱ्यांनी व्हय म्हटलं तरच सर तारीख बदलायचे. सरकारी कागदापेक्षा माणसांच्या ध्यानात जास्त असतं, हे मला तेव्हा कळलं. सणसरला एक आबा म्हणाले, त्या दिवशी माझ्या नातीचं बारसं हुतं, सकाळी लागणीची सरी सोडून मी घुगऱ्या खायला आलो. दुसरा म्हणाला, म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सर हसायचे नाहीत. म्हशीची तारीख शेजाऱ्याला विचारून मगच लिहायचे.

काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एकानं सरांना तोंडावर विचारलं, तुमचा एक तरी ऊस हाय का ह्या यादीत, मग तुमाला काय पडलंय? सर म्हणाले, न्हाय म्हणूनच मला बसवलंय, आणि मला पुढचं नाव वाचायला सांगितलं. दहा दिवस आम्ही फिरत होतो. सरांचा घसा बसला, माझी मोपेड दोनदा बसली. एकाही दिवशी ते आता पुरे म्हणाले नाहीत.

आठव्या दिवशी डाळज आलं. माझं गाव. पारावर पुढंच माझे वडील बसलेले. मी वाचत वाचत त्यांच्या नावापाशी आलो. यादीत जुनी तारीख होती. फेरतपासणीत ती बारा दिवस पुढं गेली होती, आणि ती दुरुस्ती मीच माझ्या हातानं भरली होती. वडील गप्प बसले. शेजारी गप्प बसले. जुनी तारीख राहिली असती तर आमची तोड पंधरा दिवस तरी आधी आली असती. मी पुढचं नाव वाचायला तोंड उघडलं. सर माझ्याकडं बघत नव्हते, पेन्सिलीला टोक करत होते. मी म्हटलं, "ह्यात दुरुस्ती हाय, सर. बारा दिवस पुढं." सरांनी नेहमीसारखं विचारलं, दोन शेजारी कोण? शेजाऱ्यांना मान हलवावी लागली. वडील तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. आईनं मात्र त्या रात्री मला पुरणपोळी वाढली, कारण न सांगता.

यादी हंगामाच्या दोन दिवस आधी भिंतीवर लागली. तक्रार एकही आली नाही असं नाही, पण खोटी आहे असं कुणी म्हणालं नाही.

मग चौकशी झाली. शेतकी अधिकारी, तात्या आणि आणखी दोघं. मशिनचं दार कुणी उघडलं, असं विचारलं. मी उभा होतो. तात्या खिडकीबाहेर बघत होते. त्यांना फ्लॉपीनं हे झालं असं मनापासून पटलेलंच नव्हतं. गणपतीच्या फ्लॉपीत कसला रोग, असं ते सगळ्यांना सांगत होते. मी बोलायला गेलो, तेवढ्यात सर म्हणाले, "डाळजकर, भायेर जाऊन माझी वही आण." मी वही घेऊन परत आलो तोवर सगळं झालं होतं. "पासवर्ड माझा, तवा दार माझ्याच किल्लीनं उघडलं," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्यांची बदली वजनकाट्यावर झाली. मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं.

काट्यावरही ते सुधारले नाहीत. गाडी चढायच्या आधी गाडीवानाला खाली उतरवून दाखवायचे, आधी शून्य बघा. रांग लागायची, गाडीवान वैतागायचे, पण हळूहळू माणसं म्हणायला लागली, की कुलूपरावाची पाळी असली की ऊस घालायला बरं. मी संध्याकाळी सुटलो की त्यांच्या खिडकीशी थांबायचो. आकडा किती, ते विचारायचे. मी सांगायचो. एवढंच बोलणं.

पुढच्या दसऱ्याला तात्या परत आले. हातात नवी फ्लॉपी, कुंकवाचं बोट लावलेली. यंदा लक्ष्मी आहे, म्हणाले. फोटोवाला तोच. मी म्हटलं, तात्या, हार घाला, नारळ फोडा, फ्लॉपी लागणार नाही. तात्या हसले आणि तेच सगळं पुन्हा बोलले. ह्या वेळी मी हसलो नाही. ते चिडून म्हणाले, "तुला बी काट्यावर जायचंय का?" मी फ्लॉपीच्या खाचेवर हात ठेवला. म्हटलं, "जागा असली तर जातो. आधी सी, मग ए." मग चेअरमन नारळ उचलून म्हणाले, चला, बॉयलरला उशीर होतोय. लक्ष्मी तात्यांच्या खिशात परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर धावतच गेलो. सरांना सगळं सांगितलं, तात्यांचा चेहरा कसा झाला तेही करून दाखवलं. शाबासकी पाहिजे होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पासवर्ड कुठला हाय आता?

मी इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हटलं, "तुमचाच, सर. बदलला नाही." मी तो मुद्दाम ठेवला होता. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. वर्षभर रोज सकाळी तो टाकताना मला ते शेजारी उभे असल्यासारखं वाटायचं, आणि मी तेही त्यांना सांगून टाकलं.

त्यांचा चेहरा उतरला. "वरीस झालं," ते म्हणाले. "वरीसभर माझ्याकडं किल्ली हाय आन् तू गप निजलायस."

"तुम्ही कशाला उघडाल, सर?"

"यंदा माझ्या मेव्हण्याचा ऊस हाय, सणसरला. पाळी लई मागं हाय. बायको रोज इचारती, तुमची वळख हाय ना तितं. मी रोज न्हाय म्हणतो. उद्या न्हाय म्हणायला जमलं न्हाय तर?" त्यांनी काट्याकडं बघितलं, शून्य आहे का ते. "माझ्यासाठनं बी दार लावायचं असतं, डाळजकर. जा."

मी गेलो. चपला काढल्या, मशिन बंद करून चालू केलं, डिलीट दाबलं. त्यांचा पासवर्ड शेवटचा टाकला आणि नवा घातला. मशिननं रीतीप्रमाणं तो दोनदा मागितला, मी दोनदा दिला. खोलीत मी एकटाच होतो, तरी उठून दार लोटून घेतलं होतं.

मेव्हण्याचा ऊस त्याच्या पाळीनं तुटला, तुरा आल्यावर. सर पुढं काट्यावरूनच रिटायर झाले. ते मशिन कधीच भंगारात गेलं, कडी-कोयंड्यासकट. मी आजही अधूनमधून आमराईत त्यांच्याकडं जातो, आणि निघताना ते माझ्या गाडीचं कुलूप ओढून बघतात. तो नवा पासवर्ड मी कुणाला सांगितलेला नाही. त्यांनी कधी विचारला नाही, आणि मी त्यांनाही सांगितलेला नाही.